जे मोडेल त्यापुरतं

"ही पाणसळ नेलीत ना ताई, की तुमचं झालं बघा सगळं. घरात लागणारं एकही हत्यार आता राहिलं नाही," असं म्हणत खिळेवाल्या काकांनी ती पिवळी पट्टी काउंटरवर आडवी ठेवली आणि आतला बुडबुडा मधोमध येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली. स्वयंपाकघरातली फळी परवा भिंतीतून उपटून निघाली होती, ती पुन्हा सरळ बसवायला तिला पाणसळ हवी होती. काकांनी पट्टी कागदात गुंडाळली आणि काहीतरी आठवल्यासारखं मान वर केली. "हो, आणि तुमची लेक येऊन गेली बरं का. लांबीची छोटी डबी नेली, लाकडातली भोकं बुजवायची. आणि बारीक पॉलिश पेपर. मी म्हटलं मोठा डबा ने, आईला लागतोच. तर म्हणते, नको काका, एवढीशीच जागा आहे. पण दार कुठल्या लाकडाचं, रंग कोणता, सगळं बरोब्बर सांगितलं हो पोरीने! हात अगदी तुमच्यावर गेलाय."

कौतुकानेच म्हणाले बिचारे. तिनेही कौतुक झाल्यासारखं हसून घेतलं, पिशवी उचलली, आणि दुकानाची पायरी उतरताना तिचं पाऊल चुकलं. यात दचकण्यासारखं काय आहे, असं ती रस्ताभर स्वतःला विचारत होती. पोरगी चौदा वर्षांची. मोजा सापडला नाही तरी अख्खं घर डोक्यावर घेते, "आई, माझी कात्री कुणी घेतली? आई, माझी पट्टी कुठाय?" आणि तीच पोरगी गपचूप लांबी विकत आणते, घरात कुठेतरी भरते, घासून काढते, डबी लपवते आणि संध्याकाळी शेजारी बसून निवांत गणितं सोडवते? एवढीशीच जागा. कुठली जागा? घरातल्या मोडलेल्या सगळ्या जागा तर तिला स्वतःला तोंडपाठ होत्या. डोळे मिटूनही सांगितल्या असत्या, कारण त्या बुजवल्या तिनेच होत्या.

या दुकानात ती पहिल्यांदा आली तेव्हा हीच पोरगी पोटात होती. सहावा महिना. आदल्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसली होती आणि नवऱ्याने तीन लाथांत कडी उडवली होती. पहिल्या लाथेला कडी वाकली, दुसरीला स्क्रू निम्मे बाहेर आले, तिसरीला दारच अंगावर आलं. ते तिला असं तुकड्यातुकड्याने आठवतं, कारण दोन्ही हात पोटावर धरून ती त्या कडीकडेच बघत बसली होती, धर गं बाई, धर, म्हणत. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि तांबड्या पेटीतला हत्यारांचा अख्खा सेट मागितला. सगळंच एकदम घेऊन ठेवावं, पुन्हा यायला नको. काकांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि पेटी परत वर ठेवून दिली. "सेट घेऊ नका ताई. त्यातली निम्मी हत्यारं गंजतात आणि उरलेली पहिल्याच दिवशी वाकतात. जे मोडेल त्यापुरतं घ्या. पण घ्याल ते चांगलं घ्या. पंधरा वर्षांनी बघा, भल्याभल्यांकडे नसेल असा संच होईल तुमचा." त्या दिवशी तिने फक्त एक स्क्रू ड्रायव्हर आणि नवी कडी नेली. काकांनी सांगितलं ते मात्र तिने अक्षरन् अक्षर पाळलं. आयुष्यात दुसऱ्या कुणाचं इतकं ऐकलं नसेल.

तो स्क्रू ड्रायव्हर अजून आहे. मूठ लाकडी, तिच्या घामाने काळी पडलेली. त्यानंतर हातोडी आली, कारण पोरगी पाच महिन्यांची असताना खुर्ची भिंतीवर बसली. बसली म्हणजे फेकली. आणि ती भिंतीवर बसली कारण हिने वेळेत मान खाली घातली. पक्कड आली ती टेलिफोनची तार त्याने भिंतीतून ओढून काढली तेव्हा. फोनवर हिची आई होती, "हॅलो, हॅलो" म्हणत, आणि ते "हॅलो" तारेबरोबर तुटलं. आई पुढे महिन्याभरात गेली, ते शेवटचं बोलणं राहिलंच. पक्कड हातात घेतली की अजून तिच्या कानात ते अर्धं "हॅलो" येतं. मग पटाशी आली. दाराची चौकट उभी चिरली होती, तेवढं लाकूड कोरून काढून तिथे नवीन पट्टी बसवायची होती. पटाशी कशी धरायची, धार कुठल्या बाजूला ठेवायची, हे काकांनी दुकानातल्या फळकुटावर करून दाखवलं. करवत, कानस, मोठा पाना, गिरमिट, शिकंजा, रंधा. रंधा आला तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती, हे खरं सांगायला हवं. टेबलाच्या कडेचा टवका उडाला होता आणि त्या टवक्याबरोबर हिचा पुढचा एक दात. दाताचं दाताच्या डॉक्टरने बघितलं, पण कडेला नवी पट्टी जोडून हिने ती अशी तासून काढली की हात फिरवला तर लोणी. पॅसेजच्या भिंतीवर एक मोठी फळी ठोकून तिने प्रत्येक हत्याराला खिळा दिला आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने आकार काढला. कुठलं हत्यार जागेवर नाही ते लांबूनच कळावं म्हणून. इमारतीत तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. कुणाची खिडकी लागेना, कुणाचा नळ गळतोय, की मिस्त्रीणबाईला हाक. ठोकाठोकीचा आवाज आला तर खालच्या आजी म्हणायच्या, चाललंय वाटतं मिस्त्रीणबाईंचं काहीतरी! त्या आवाजातला कुठला तिचा आणि कुठला त्याचा, हे आजींना कळायचं काही कारण नव्हतं.

आणि तो? त्याचं चष्म्याचं दुकान. म्हाताऱ्या माणसांच्या कानामागे काडी अडकवताना तो बोटांची टोकं आधी एकमेकांवर चोळून ऊब आणतो, गार लागू नये म्हणून. "टोचतंय का आजोबा? जरा सैल करू?" असं इतकं मऊ विचारतो की आजोबा मुलासुनेच्या तक्रारी तिथेच सांगत बसतात. गावभर त्याच्या हाताची तारीफ. रस्त्यात बायका थांबवून सांगायच्या, नशीब काढलंत हो! ती म्हणायची, हो ना. चिडून नाही, तिरकंही नाही. तेवढ्यापुरतं तिला खरंच वाटायचं की तो दुकानातला आणि हा घरातला अशी दोन माणसं आहेत आणि आपली गाठ चुकून दुसऱ्याशी पडली. हात टाकून झाला की तो कपडे बदलून दुकानात निघून जायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा खुर्ची उभी असायची, दार बसलेलं असायचं, फरशी पुसलेली असायची. "झालं का? बरं झालं," एवढंच म्हणायचा आणि चहा मागायचा. त्याने मोडलेलं त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाहायची वेळच तिने येऊ दिली नाही.

एकदा मात्र फळीवरची हातोडी त्याने हातात घेतली होती. ती भिंतीला टेकून उभी, ओठातून रक्त, आणि त्याने हातोडी खिळ्यावरून काढली, तळहातावर खालीवर करून पाहिली. ती वजनकाट्यावर कामाला आहे. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, माल उतरवून रिकामा परत येतो, मधला फरक ती लिहून देते, त्यामुळे वजन तिला नुसतं बघून कळतं. तीनशे ग्रॅम. काही फार नाही. तिच्या कपाळाला तीनशे ग्रॅम पुरले असते. त्याने बराच वेळ विचार केला आणि मग हातोडी पुन्हा खिळ्याला, अगदी त्या पेन्सिलीच्या रेघेत नीट बसवून ठेवली. "जागच्या जागी ठेवावं माणसानं," असं म्हणाला. त्याच मऊ आवाजात. त्या दिवसापासून तिच्याही डोक्यात ते तीनशे ग्रॅम बसले. सकाळी तो पॅसेजमध्ये स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधतो. मान खाली, नुकती भादरलेली, मानेवर पावडर. फळी हाताच्या अंतरावर. काका शिकवताना म्हणाले होते, जोर लावायचा नाही ताई, तुम्ही फक्त उचला, मारायचं काम हातोडी करते. रोज सकाळी, दोन नाड्या बांधून होईपर्यंत, ती त्या पावडरीकडे बघत डबा हातात धरून उभी राहायची. आणि रोज तो उठायचा, डबा घ्यायचा, जायचा. मग ती हुश्श करून कामाला निघायची. त्याच्यावरून टळलं की आपल्यावरून, हे तिला सांगता आलं नसतं. ती त्याचा द्वेष करत होती. त्यात काही वेडंवाकडं नव्हतं, स्वच्छ द्वेष होता. पण फरशीवरून ते सगळं पुसावंही आपल्यालाच लागेल आणि पोरगी शाळेतून यायच्या आत पुसून व्हायचं नाही, एवढ्या एका हिशेबावर सगळं अडायचं.

सांगायला एकच माणूस होतं: नणंद. शाळेची मुख्याध्यापिका, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, आईविना पोर म्हणून त्याला तिनेच वाढवलेलं. तिच्यापुढे तो अजूनही पायावर पाय टाकून बसत नाही. तीन वर्षांपूर्वी हिचं मनगट त्याने मोडलं तेव्हा हिने वजनकाट्याच्या खोलीतून फोन केला. ट्रक हॉर्न देत खोळंबले होते आणि ही फोनमध्ये म्हणत होती, वन्सं, मला मारतात हो. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "रविवारी येते. माझ्या डोळ्यांनी बघते." आणि मग हिने काय केलं? शुक्रवार, शनिवार, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, उरलेल्या एका हाताने हिने अख्खं घर दुरुस्त केलं. चौकट भरली, घासली, रंगवली. कपाटाचं दार बसवलं. आरशाच्या जागी फोटो लावला. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर असं कसं दाखवायचं! हे तिच्या डोक्यात आलंच नाही, अगदी देवाशपथ आलं नाही, की या पाहुणीला तेच तर दाखवायचं होतं. वन्सं आल्या, घरभर फिरल्या, चौकटीवरून तळहात फिरवला. "दार तर चांगलं आहे गं," म्हणाल्या. तो मागे उभा राहून हसत होता. "हिला कोण सांगणार ताई? सारखी हत्यारं घेऊन कुठेतरी चढलेली असते. पडली स्टुलावरून." वन्संनी हिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, शाळेतल्या खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघावं तशी दया होती. ती दया तिला त्या मनगटापेक्षा जास्त लागली.

आज शनिवार, अर्धा दिवस. पाणसळ घेऊन ती घरी पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. पोरगी दीडला येणार, तो तीनला दुकान बंद करून. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. चांगली भरलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही नेहमी कळत नाही. पण बोटाच्या पेराने ठोकलं की कळते. लाकूड टकटक वाजतं, लांबी ठप्प. तिने ठोकत जायला सुरुवात केली. पॅसेज, स्वयंपाकघर, मोठी खोली. ठप्प, ठप्प, ठप्प, या सगळ्या आपल्याच. न्हाणीघराची कडी, टेबल, चौकट. ऐकता ऐकता तिला घाम फुटला, इतकं ठप्प? धड लाकूड कुठे उरलंय की नाही या घरात? पोरीच्या खोलीत गेली. कपाट, खिडकी, टेबल, सगळीकडे टकटक. दार आतून लावून घेतलं तर दारामागे शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं, नवं कोरं. वेळापत्रक लावावं त्यापेक्षा जरा खाली. तिने चिकटपट्टी नखाने सोडवली. खाली काहीच नाही. रंगाला रंग मिळालेला, कड दिसत नाही, हात फिरवला तर सपाट. तिने पेराने ठोकलं आणि ठप्प वाजल्यावर तशीच उभी राहिली.

मग मोजपट्टी आणली. जमिनीपासून एकशे अठ्ठेचाळीस. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पोरीची उंची लिहिलेली असते, शेवटची रेघ एकशे अठ्ठावन्न. डोक्यावरून दहा सेंटीमीटर खाली म्हणजे कुठे येतं, हे बघायला तिने मोजपट्टी स्वतःच्या डोक्याला लावली आणि बोट कानामागे टेकलं. ती फळीपाशी गेली, पटाशी काढली, परत आली आणि धार लांबीच्या कडेला घालून एक हलका ठोका दिला. लांबी अख्खी सुटून हातात आली. बशीएवढी गोल, एका बाजूने गुळगुळीत. दुसऱ्या बाजूने, जिथे ती दारातल्या खळग्यात बसली होती, तिथे दोन लांब केस चिकटलेले होते.

  तिने नणंदेला फोन लावला. "वन्सं, आत्ता निघा. या क्षणाला. बस नसली तर गाडी करून या." "काय झालं?" "आल्यावर बघा. आणि मागच्या वेळेसारखं मी आवरून ठेवणार नाहीये."

मग तिने पदर खोचला. पहिली न्हाणीघराची कडी, कारण पहिली तीच. चौदा वर्षांचे स्क्रू, एकेक पिळून काढले. पहिल्याला जोर लागला, मग सरसर आले. पुढे काय काय केलं ते तिला नंतर ओळीने सांगता आलं नाही. चौकटीत बसवलेली पट्टी पटाशीने उचकटली तेव्हा लाकूड किंचाळलं आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला किती वर्षांत वाटलं नव्हतं. खुर्चीचा सांधलेला पाय एका ठोक्यात उडाला. काका म्हणायचे ते खोटं नव्हतं, मारायचं काम हातोडीच करत होती. टेबलाच्या कडेला तिने जोडलेली पट्टी करवतीने कापून पाडली. भिंतीवरचा फोटो काढला, मागे आरशाचे चार रिकामे खिळे. कपाटाचं दार लोंबतं सोडलं. कुठे तिने नवं मोडलं नाही, याबद्दल ती फार काटेकोर होती. फक्त जे आधीच मोडलेलं होतं तेवढंच मोकळं केलं. खुर्ची, कडी, दात, हॅलो. हात भराभर चालत होता, मनगट मोडल्यापासून दोन बोटं मिटत नव्हती ती तशीच ताठ होती, मनगट ठणकत होतं, आणि ती मोठमोठ्याने त्याला शिव्या घालत होती, ज्या शिव्या तिने वजनकाट्यावर ड्रायव्हरांकडून ऐकल्या होत्या आणि आपल्याला येतात हे तिला माहीत नव्हतं. शेवटी पुढचं दार. ते त्याने तीनदा तोडलं होतं आणि तिने तीनदा बसवलं होतं. तिन्ही बिजागऱ्या सोडवून तिने ते भिंतीला टेकवून ठेवलं. घर जिन्यावर उघडं पडलं. खालच्या आजी आवाज ऐकून दोन पायऱ्या वर आल्या होत्या. त्यांनी आत पाहिलं, "अगं बाई," म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या.

पोरगी आली तेव्हा आधी दाराच्या जागी थांबली. "आई, दार?"

"काढलं."

पोरीने दप्तर खांद्यावर ठेवूनच घरातून एक फेरी मारली. स्वतःच्या खोलीत जरा जास्त वेळ गेला. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "कशाला उकरलंस? मी किती नीट भरलं होतं."

"फार नीट भरलं होतंस."

"तुझ्यापेक्षा?"

"माझ्यापेक्षा," ती म्हणाली, आणि हे खरंच होतं म्हणून तिला रडू फुटलं. "केव्हापासून गं?"

"सहामाहीपासून."

"मला सांगितलं का नाहीस पोरी?"

"तू कुणाला सांगितलंस?" पोरीने विचारलं. उलटून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. मग तिने दप्तर खाली ठेवलं, फळीवरून लांबी भरायचा पत्रा काढला आणि आपल्या खोलीतल्या कपाटाजवळ उकिडवी बसली. "इथे पण आहे," असं म्हणून तिने पत्र्याचं टोक लाकडात खुपसलं. मग खिडकीची कड. मग अभ्यासाच्या टेबलाखाली. तीन जागा. पेराने ठोकताना या तीन जागा आईच्या कानांनाही कळल्या नव्हत्या.

नणंद अडीचला आली. जिना चढून धापा टाकत होती. दाराच्या जागी दार नाही म्हणून आधाराला सवयीने चौकटीवर हात टेकला आणि "आई गं!" करून मागे घेतला. लाकडाचं कुसळ तळहातात शिरलं होतं. ते काढायचं सोडून ती तशीच घरभर फिरली.  खुर्ची पाहिली, आरशाचे खिळे पाहिले, पोरीच्या दारातला खळगा पाहिला. "हे सगळं तेव्हाही होतं?" असं एकदाच विचारलं. "त्यातलं पुष्कळ होतं," ती म्हणाली, "मी झाकलं होतं, वन्सं."

तो तीनला आला. जिन्यातच त्याला बहिणीचा आवाज आला असावा, कारण वर आला तो दुकानातला चेहरा घेऊनच. "ताई? तू कधी आलीस? कळवायचं तरी..." आणि मग त्याने घर पाहिलं. तो खरोखर चकित झाला. त्यात काही नाटक नव्हतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. चौदा वर्षांत त्याने केलेलं सगळं तो एकदम आणि पहिल्यांदाच बघत होता, आणि हे आपलं आहे हे त्याला ओळखू येत नव्हतं. "बाप रे," तो म्हणाला. "बघ ताई. बघ हिने काय करून ठेवलंय! मी सकाळी गेलो तेव्हा सगळं धडधाकट होतं. विचार हिला. होतं की नव्हतं? पटाशी अजून हातात आहे हिच्या. मी तुला तेव्हाच सांगत होतो, हिचं डोकं ठिकाणावर नाही."

तिने हाताकडे पाहिलं. पटाशी होती. आणि सकाळी सगळं धडधाकट होतं, हेही खरंच होतं.  नणंदेची नजर त्याच्याकडून पटाशीकडे, पटाशीकडून ढलप्यांनी भरलेल्या हिच्या केसांकडे आली, आणि तिथे ती जुनी दया पुन्हा हलल्यासारखी वाटली. गेलं, असं तिच्या मनात आलं. याही वेळेला गेलं. माझ्याच हाताने. तिला वाटलं, आता हीच पटाशी उचलावी आणि घालावी त्याच्या त्या मऊ गळ्यात, म्हणजे एक तरी गोष्ट दुरुस्त न होण्यासारखी होईल.

त्याला आता हुरूप आला होता. हातोडी खाली पडली होती, ती वाकून उचलली. "जागच्या जागी ठेवावं माणसानं," असं बहिणीला ऐकू जाईल इतपत म्हणत त्याने ती फळीवर अडकवायला हात वर केला. फक्त अडकवायला. पोरगी फळीशेजारीच उभी होती. हात वर गेला त्याच क्षणी ती खाली बसली. बसली कसली, मुडपली. पाठ भिंतीला, हनुवटी छातीत, डावा हात कानामागे, दुसरा त्याच्यावर. पत्रा हातातून सुटून खणकन वाजला. आणि ती पुटपुटायला लागली, "एक, दोन, तीन, चार," सावकाश, सरावाने, कितीपर्यंत मोजलं की संपतं हे माहीत असल्यासारखं.

कुणी कुणाला हात लावला नव्हता. आई स्वतः पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला होती, पण तिचंही तोंड भिंतीकडे वळलं होतं आणि डोळे मिटलेले होते, हे तिला ते उघडल्यावर कळलं.

नणंद पोरीजवळ गेली. खाली बसली. कानामागचा हात काढायला गेली तर निघेना. एकेक बोट सोडवावं लागलं. केस बाजूला केले. पोरगी तेवीसपर्यंत पोचली होती. "पुरे बाळा," नणंद म्हणाली, "मोजू नकोस आता." मग ती उठली आणि भावासमोर तळहात पसरला. त्यातलं कुसळ अजून तसंच होतं. "हातोडी दे."

"अगं ताई, मी नुसती अडकवत..."

"दे."

त्याने दिली. नणंदेने ती मुठीत धरली, आणि त्या साठीकडे झुकलेल्या बाईचा दंड असा काही ताठ झाला की तो मागे सरकता सरकता नाडी बांधायच्या स्टुलावर जाऊन बसला. मान खाली. मानेवर पावडर. हातोडी खांद्याच्या वर गेली, तिथे थांबली. पोरीच्या आईने ते पाहिलं. तिला हसू येईल की काय असं झालं, इतकं ते तिच्या ओळखीचं होतं. जिन्यातल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. मग नणंदेने हात खाली घेतला आणि भावाकडे न बघता भावजयीला म्हणाली, "पोरीचे कपडे भर. तुझेही भर. आज माझ्याकडे, बाकीचं उद्या बघू. खळग्यांचे फोटो मी काढते."

दोन पिशव्या झाल्या. तो स्टुलावर तसाच बसून होता, तळहातांकडे बघत, आणि बोटांची टोकं एकमेकांवर चोळत होता. फळीवरचे आकार बहुतेक रिकामे होते. हत्यारं घरभर, जिथली तिथे पडली होती. आजी बाजूला सरकल्या. बाहेर पडता पडता पोरगी वाकली. चौकटीपाशी बिजागऱ्यांचे स्क्रू विखुरले होते, ते ती सवयीने गोळा करायला लागली.

"राहू दे गं."

"आई, हरवतील ना."

"हरवू देत," ती म्हणाली, आणि पोरीची मूठ हलकेच उलटी केली.